लिलांवाची बोली : मेणबत्तीपासून इंटरनेटपर्यंत

मराठींत ‘बोली’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. बाजारांत मालाला किंमत पुकारणें ही बोली. आणि दोन माणसांनीं आपसांत ठरविलेली अट हीहि बोलीच. पहिल्या अर्थानें बोली म्हणजे नुसता उच्चार, दुसऱ्या अर्थानें ती वचन होय. पुकारलेली किंमत नेमकी कोणत्या क्षणीं वचन बनते, आणि तें वचन मोडलें तर कोणी कोणाला काय द्यावें, या प्रश्नाभोंवतीं लिलांवाच्या कायद्याचा इतिहास फिरत आला आहे. आज घरोघरीं हातांतल्या यंत्रावर बोट टेकवून दूरदेशच्या वस्तूवर बोली लावतां येते. साधन नवें आहे. प्रश्न मात्र जुनाच आहे.

‘लिलांव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला. पण ही चाल पोर्तुगीजांहून पुष्कळच प्राचीन आहे. रोमन लोक लुटींतला माल व कर्जबाजाऱ्यांची मालमत्ता लिलांवानें विकीत. इ. स. १९३ मध्यें तर सम्राटाच्या पहारेकऱ्यांनीं सम्राट पर्टिनॅक्स याचा वध करून राजपदच लिलांवांत काढलें. डिडिअस ज्युलिॲनस यानें दर शिपायामागें २५,००० सेस्टर्स देण्याची बोली केली आणि तो सम्राट झाला. अवघ्या दोन महिन्यांत त्याचाहि वध झाला. जी वस्तु विकणाऱ्याच्या मालकीची नाहीं ती विकत घेणाऱ्याच्या मालकीची होत नाहीं, हें लिलांवाच्या व्यवहारांतलें पहिलें सूत्र एवढ्या मोठ्या किंमतीला क्वचितच कोणी शिकला असेल.

सतराव्या शतकांत इंग्लंडांत ‘मेणबत्तीचा लिलांव’ प्रचारांत होता. इंचभर मेणबत्ती पेटवीत, आणि ज्योत विझण्यापूर्वीं ज्याची शेवटची बोली होई त्याला माल मिळे. सॅम्युअल पेपिस हा नौदल खात्यांतला अधिकारी १६६२ च्या सप्टेंबरांत जुन्या जहाजांच्या अशा एका लिलांवास हजर होता. तेथें एक गृहस्थ दर खेपेस अचूक वेळ साधून बोली देत असे. पेपिसनें त्याला त्याचें रहस्य विचारलें. ज्योत विझण्याच्या क्षणींच धूर खालीं वळतो, त्यावरून आपण वेळ ओळखतों, असें त्यानें सांगितलें. आपल्या रोजनिशींत पेपिसनें ही गोष्ट कौतुकानें नोंदविली आहे. इंटरनेटवरील लिलांवांत मुदत संपण्यास कांहीं क्षण उरले असतां बोली टाकून इतरांना निरुत्तर करणारे लोक आज पुष्कळ आहेत. धुराची जागा घड्याळानें घेतली, एवढाच फरक.

मेणबत्ती जाऊन हातोडा आला, आणि त्याबरोबर कायद्यालाहि निश्चित रूप आलें. १७८९ मध्यें लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयापुढें पेन विरुद्ध केव्ह हा खटला चालला. दारू गाळण्याच्या भट्टीच्या सामानावर केव्ह यानें ४० पौंडांची बोली केली. लिलांव पुकारणारा हातोडा न मारतां आणखी बोलीची वाट पाहत राहिला. तेवढ्यांत मालाच्या वजनाची हमी मिळत नाहीं असें पाहून केव्ह यानें आपली बोली मागें घेतली. न्यायालयानें निर्णय दिला, कीं बोली हा केवळ प्रस्ताव होय. हातोडा पडणें ही त्या प्रस्तावाची स्वीकृति होय. आणि स्वीकृति होईपर्यंत दोन्ही पक्ष मोकळे असतात. केव्ह सुटला. ‘एकवार, दोनवार, तीनवार’ या पुकाऱ्यांतला जो विराम असतो, त्याला या निकालानें कायद्यांत स्थान मिळालें. माणसाला विचार बदलण्यास तेवढी फुरसत मिळाली.

परंतु या फुरसतीचा दुरुपयोगहि होऊं लागला. १८५९ च्या एका खटल्यांत ‘राखीव किंमत नाहीं’ असें जाहीर करून एक घोडी विकावयास काढली होती. ग्राहकानें ६० गिनींची बोली करतांच खुद्द मालकानेंच ६१ गिनींची बोली करून घोडी घरीं ठेविली. राखीव किंमत नाहीं असें सांगणारा आपल्या शब्दानें बांधला जातो, असें मत बहुसंख्य न्यायाधीशांनीं त्या वेळीं व्यक्त केलें. उलट १८७३ मध्यें लंडनहून एक दलाल फर्निचरच्या लिलांवासाठीं बेरी सेंट एडमंड्स या गांवीं गेला, तों तो माल आयत्या वेळीं विक्रींतून काढून घेतलेला. प्रवासखर्च व फुकट गेलेला वेळ यांची भरपाई त्यानें मागितली. नुसती जाहिरात म्हणजे वचन नव्हे, असें सांगून न्यायालयानें ती नाकारली.

हिंदुस्थानांतील बाजारांत दुसरीच एक रीत दीर्घकाळ चालत आली होती. दलाल व व्यापारी रुमालाखालीं हात घालून, बोटें दाबून भाव ठरवीत. माल ज्याचा, त्या शेतकऱ्याला मात्र कोणी किती देऊं केलें हें कळत नसे. १८९७ मध्यें वऱ्हाडांतील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला, आणि पुढें नियंत्रित बाजारांत उघड लिलांव रूढ करण्याकडेच कायद्यांचा कल राहिला. बोली दहा जणांच्या कानांवर पडली पाहिजे, या आग्रहांत विकणाऱ्याचें संरक्षण होतें.

इंग्लंडांतील निकालांचें सार तेथील १८९३ च्या मालविक्रीच्या कायद्यांत आलें, आणि तेथून तें १९३० च्या आपल्या मालविक्रीच्या कायद्यांत उतरलें. त्याचें ६४ वें कलम आजहि लागू आहे. हातोडा पडून किंवा दुसऱ्या रूढ रीतीनें विक्री जाहीर होईपर्यंत बोली परत घेतां येते. विकणाऱ्यानें स्वतः बोली करण्याचा हक्क आधीं उघडपणें राखून ठेविला नसेल, तर त्याला स्वतः किंवा हस्तकाकरवीं बोली करतां येत नाहीं. आणि भाव चढविण्यासाठीं त्यानें खोटी बोली लावविली, तर ती विक्री रद्द ठरविणें हें घेणाऱ्याच्या मर्जीवर राहतें.

हातोड्याचा हा कायदा असा स्थिर झालेला असतांना १९९५ च्या सप्टेंबरांत कॅलिफोर्नियांत पिएर ओमिड्यार या तरुण संगणकज्ञानें इंटरनेटवर एक लिलांवघर उघडलें. त्यालाच पुढें ‘ईबे’ हें नांव मिळालें. तेथें प्रथम विकली गेलेली वस्तु म्हणजे मोडका लेसर-दिवा होय. तिला १४ डॉलर ८३ सेंट किंमत आली. या लिलांवघरांत पुकारणारा नव्हता, हातोडा नव्हता, माल हातांत घेऊन पाहण्याची सोय नव्हती. होतें तें एक छायाचित्र, चार ओळींचें वर्णन आणि मुदत मोजणारें घड्याळ. मग १७८९ चा नियम येथें कसा लावावयाचा?

या प्रश्नाचें अत्यंत स्पष्ट उत्तर जर्मनींतल्या वरिष्ठ न्यायालयानें दिलें. तेथें एका विक्रेत्यानें नवी कोरी फोक्सवॅगन पासाट मोटार १० मार्कांपासून लिलांवांत ठेविली. मुदत संपली तेव्हां सर्वांत मोठी बोली २६,३५० मार्कांची होती. मोटारीची किंमत त्याच्या दुपटीहून अधिक असल्यामुळें विक्रेत्यानें ती देण्याचें नाकारलें. ७ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यायालयानें सौदा पक्का ठरविला. वस्तु मांडतांनाच विक्रेत्यानें सर्वोच्च बोली मान्य केलेली असते, असें न्यायालयानें म्हटलें. हातोड्याच्या काळीं बोली करणारा व विकणारा दोघेहि शेवटच्या क्षणापर्यंत मोकळे होते. घड्याळाच्या काळीं विकणारा पहिल्याच क्षणीं बांधला गेला. पुकारणाऱ्याबरोबर त्याचा विरामहि नाहींसा झाला, आणि विचार बदलण्याची फुरसत त्याबरोबर गेली.

याचा कडेलोट २०१४ मध्यें झाला. एका विक्रेत्यानें जुनी पासाट मोटार एक यूरो या किमान किंमतीनें मांडली, आणि बाहेर चांगला ग्राहक मिळतांच लिलांव मध्येंच थांबविला. त्या क्षणीं एकच बोली झालेली होती, ती एक यूरोची. न्यायालयानें त्या बोलीवाल्यास पांच हजार यूरोंहून अधिक भरपाई देवविली. स्वस्त वस्तु मिळण्याची आशा हेंच या खेळाचें आकर्षण असून किमान किंमत कमी ठेवण्याचा धोका विक्रेत्यानें आपखुषीनें पत्करलेला असतो, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. ऑस्ट्रेलियांतहि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतलें एक विमान दीड लाख डॉलरांच्या बोलीस गेलें असतां, अधिक किंमत दुसरीकडे मिळत असल्यानें मालकानें तें देण्याचें टाळलें. २००७ मध्यें न्यायालयानें तें विमान बोलीवाल्याच्या स्वाधीन करावयास लाविलें.

जुन्या लबाड्याहि नव्या घरांत राहावयास आल्या. मे २००० मध्यें ईबेवर २५ सेंटांपासून मांडलेलें एक चित्र एका नामवंत अमेरिकन चित्रकाराचें असावें असा आभास निर्माण झाला, आणि बोली १,३५,८०५ डॉलरांवर गेली. विक्रेता व त्याचे सोबती निरनिराळ्या नांवांनीं एकमेकांच्या वस्तूंवर खोट्या बोल्या लावीत असल्याचें उघडकीस आलें. ती विक्री रद्द झाली आणि पुढील वर्षीं तिघांवर अमेरिकेंत खटला भरला गेला. १८५९ मधील घोडीच्या मालकाला निदान दहा लोकांदेखत तोंड उघडावें लागलें होतें. येथें एका माणसाला पांच नांवें धारण करण्यास पांच मिनिटें पुरेशीं झालीं.

तरीहि न्यायालयापर्यंत गेलेल्या या गोष्टी अपवादात्मक होत. सामान्य गृहस्थाची कुचंबणा निराळीच असते. पांचशें रुपयांचें पुस्तक पानें फाटलेलें आलें, किंवा बोली जिंकणाऱ्यानें पैसेच पाठविले नाहींत, तर कायदा त्याच्या बाजूनें असूनहि तो कांहीं करूं शकत नाहीं. प्रतिपक्ष शेंकडों कोसांवर असतो, कधीं तर दुसऱ्या राष्ट्रांत. आणि दाव्याचा खर्च दाव्याच्या रकमेहून मोठा असतो. हा अडथळा जाणूनच ओमिड्यारनें १९९६ मध्यें परस्परांना शेरे देण्याची पद्धत काढली. न्यायालयाची जागा लौकिकानें घ्यावी, हा तिचा हेतु. पण वाईट शेरा मिळालेला विक्रेता उलट वाईट शेरा देऊन सूड घेऊं लागला. म्हणून २००८ मध्यें विक्रेत्यांचा ग्राहकाला वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेण्यांत आला. त्याबरोबर न देणाऱ्या ग्राहकापुढें विक्रेत्याच्या हातांतलें तेवढें शस्त्रहि गेलें. एकाचें गाऱ्हाणें मिटवितांना दुसऱ्याचें उभें राहिलें.

उरला प्रश्न लिलांवघराच्या मालकाचा. आपण केवळ जागा देतों, विकणारा निराळा, असें तो म्हणतो. बनावट दागिन्यांच्या खटल्यांत अमेरिकन न्यायालयांनीं २००८ व २०१० मध्यें बव्हंशीं हें म्हणणें मान्य केलें. यूरोपीय न्यायालयानें मात्र २०११ मध्यें सांगितलें, कीं जो विक्रीस चालना देण्यांत प्रत्यक्ष भाग घेतो, त्याला तटस्थ म्हणवून घेतां येणार नाहीं. मुंबईंत २००० मध्यें निघालेल्या ‘बाझी’ या लिलांवघराच्या प्रमुखास २००४ मध्यें एका आक्षेपार्ह ध्वनिचित्रफितीच्या विक्रीवरून अटक झाली, तेव्हां हाच वाद आपल्याकडेहि पेटला. २००८ च्या दुरुस्तीनें मध्यस्थाला संरक्षण मिळालें; पण योग्य दक्षता घेण्याची आणि बेकायदा गोष्ट कळतांच ती काढून टाकण्याची अट त्याबरोबर आली. २०१९ च्या ग्राहकसंरक्षण कायद्यानें ग्राहकाला आपण राहतों त्या ठिकाणींच तक्रार करण्याची मुभा दिली. २०२० च्या नियमांनीं अशा विक्रीगृहांना तक्रारीची पोंच ४८ तासांत व निवारण एक महिन्यांत करण्याचें बंधन घातलें. शेंकडों कोसांचें अंतर कायद्यानें थोडें तरी कमी केलें तें येथें. मात्र ज्यानें व्यापारी नव्हे तर आपल्यासारख्याच गृहस्थाकडून जुनी वस्तु घेतली, त्याला अजूनहि जुन्या मालविक्रीच्या कायद्याचाच आधार आहे.

साडेतीनशें वर्षांच्या या प्रवासांत ज्योत, हातोडा व घड्याळ या तीन साक्षीदारांनीं बोलीची वेळ राखली. पहिल्या दोहोंच्या वेळीं विकणारा, घेणारा व वस्तु एकाच छपराखालीं होतीं. शब्द फिरविणाऱ्याला चार माणसांच्या नजरेला नजर द्यावी लागे. आज ती नजर नाहीं. म्हणून जें पूर्वीं लिलांव पुकारणारा करीत असे, तें आतां प्रत्येकानें स्वतःच करणें प्राप्त आहे. अटी शेवटपर्यंत वाचाव्या. विकणारा कोण व माल कोणाचा हें पाहावें. झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत जपून ठेवावी. मांडलेली वस्तु किमान किंमतीस गेली तरी देण्याची तयारी असेल तरच ती मांडावी. आणि बोट टेकविण्यापूर्वीं, हातोडा हवेंत असतांना केव्ह याला जेवढा अवधि मिळाला होता, तेवढा तरी स्वतःला द्यावा.