‘कूपो’ : अर्जेंटिनातील उमेदवारी-कायद्याची एक बाजू

संसदेत स्त्रियांना निश्चित वाटा मिळवून देण्याचे दोन मार्ग आहेत व त्यांची गल्लत वारंवार होते. एक मार्ग जागा राखून ठेवण्याचा. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या घटनादुरुस्त्यांमुळे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत तो आपल्या परिचयाचा झाला; २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या एक तृतीयांश जागांसाठीही तोच पत्करला. दुसऱ्या मार्गात जागा मोकळ्याच राहतात; बंधन येते ते पक्षाने सादर करावयाच्या उमेदवारांच्या यादीवर. लॅटिन अमेरिकेत या दुसऱ्या मार्गाचा पायंडा अर्जेंटिनाने १९९१ साली पाडला. त्या कायद्याचे लोकप्रचलित नाव ‘ले दे कूपो’. स्पॅनिश भाषेतील ‘कूपो’ हे नाम ‘काबेर’ म्हणजे ‘मावणे’ या धातूपासून आलेले आहे. ज्याला हक्क म्हणून पुढे आणले, त्याला लोकव्यवहाराने ‘मावेल तेवढे’ अशा अर्थच्छटेचे नाव द्यावे, हे लक्षणीय होय.

या कायद्याला पूर्वेतिहास आहे. १९४७ साली अर्जेंटिनात स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार मिळाला. १९४९ मध्ये एव्हा पेरोन यांच्या नेतृत्वाखाली पेरोनवादी स्त्रियांचा स्वतंत्र पक्ष स्थापन झाला आणि १९५१ च्या निवडणुकीत, म्हणजे स्त्रियांनी प्रथमच मतदान केले त्या निवडणुकीत, वीसहून अधिक स्त्रिया प्रतिनिधिगृहात व सहा सिनेटमध्ये निवडून गेल्या. त्या सर्व पेरोनवादी होत्या. १९५५ च्या सुमारास प्रतिनिधिगृहातील स्त्रियांचे प्रमाण एक पंचमांशापर्यंत पोहोचले होते. यामागे कायदा मात्र नव्हता. पक्षनेतृत्वाची इच्छा होती. त्याच वर्षी सैनिकी उठावाने पेरोन यांची सत्ता उलथली आणि ते प्रमाणही तिच्याबरोबर गेले. १९८३ साली लोकशाही परतली तेव्हा प्रतिनिधिगृहात शंभरांत पाच स्त्रियाही नव्हत्या. एका नेतृत्वाने दिलेले दुसऱ्या सत्तेने हिरावून घेतले, हा अनुभव १९८९ साली विधेयक मांडणाऱ्या सिनेटर मार्गारिता मालार्रो दे तोर्रेस यांच्या पिढीला पुस्तकात वाचावा लागला नव्हता. ६ नोव्हेंबर १९९१ रोजी प्रतिनिधिगृहाने विधेयक संमत केले. विविध पक्षांतील स्त्रिया त्यासाठी एकत्र आल्या होत्या, आणि मेनेम-शासनाने अखेरीस आपले वजन त्याच पारड्यात टाकले.

अर्जेंटिनाच्या प्रतिनिधिगृहात २५७ सभासद. दर दोन वर्षांनी निम्मे बदलतात. २३ प्रांत व राजधानी मिळून २४ मतदारक्षेत्रे. मतदार पक्षाची बंद यादी निवडतो आणि मिळालेल्या जागा यादीतील क्रमाने भरल्या जातात. अशा पद्धतीत यादीतील नावाला किंमत नसते. नावाच्या क्रमांकाला असते. हे ओळखूनच कायद्याने दोन अटी घातल्या. उमेदवारांत स्त्रिया किमान शेकडा ३० असाव्यात, आणि त्या निवडून येण्याची शक्यता असेल अशा प्रमाणात असाव्यात. ज्या यादीत हे नसेल ती अधिकृत मानली जाणार नाही. दंड भरून सुटण्याची सोय ठेवली नव्हती, आणि हेच या कायद्याचे खरे बळ.

परंतु ‘शक्यता’ मोजावयाची कशी? पुढे किती जागा मिळतील हे मतदानापूर्वी कोणास ठाऊक? १९९३ च्या ३७९ व्या आदेशाने तोडगा काढला तो असा : पक्षाच्या जितक्या जागा त्या क्षेत्रात मुदत संपून रिकाम्या होत आहेत, तितक्या मिळणे शक्य समजावे. भविष्याचे माप भूतकाळावरून घेतले गेले. कोर्दोबा प्रांतात त्याच वर्षी याची कसोटी लागली. तेथे उनिओन सिव्हिका रादिकाल या पक्षाच्या पाच जागा रिकाम्या होत होत्या, म्हणजे पहिल्या पाचांत दोन स्त्रिया हव्या होत्या. पक्षाच्या यादीत स्त्रिया होत्या त्या चौथ्या व सहाव्या क्रमांकावर. मारिया मेर्सिआद्री दे मोरिनी यांनी आक्षेप घेतला. न्यायालयांनी त्यांना दाद मागण्याचा अधिकारच नाकारला; क्रमाच्या प्रश्नापर्यंत प्रकरण गेलेच नाही. मग त्या आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे गेल्या. तेथील प्रकरण २००१ साली सलोख्याने मिटले, कारण तत्पूर्वी डिसेंबर २००० मध्ये शासनाने १२४६ वा आदेश काढून जुना रद्द केला होता. एक-दोनच जागा रिकाम्या होत असतील, किंवा एकही होत नसेल, तरी पहिल्या दोन क्रमांकांत एक स्त्री असलीच पाहिजे, असे त्याने ठरविले. २००१ मध्ये सिनेटची प्रत्यक्ष निवडणूक सुरू झाली, तेथे यादी दोघांचीच; साहजिकच सिनेटमधील स्त्रिया एकदम एक तृतीयांशाच्या वर गेल्या.

अर्थ असा निश्चित होत गेला तरी पक्षांनी एक गोष्ट आपल्या हाती ठेवली. कायद्यातील ‘किमान’ हा शब्द त्यांनी व्यवहारात ‘कमाल’ असा वाचला. दोन पुरुष, मग एक स्त्री, पुन्हा दोन पुरुष, ही याद्यांची जणू ठरलेली चालच झाली. कायद्याविरुद्ध काहीच नसल्यामुळे न्यायालयात जाण्यासही वाव नव्हता. लहान प्रांतांत एका वेळी दोन किंवा तीनच प्रतिनिधी निवडावयाचे असत. तेथे दोन मोठ्या पक्षांना एकेक जागा मिळाली की दोन्हीकडचे पहिले नाव, म्हणजे बहुधा पुरुषच, संसदेत जाई. तरीही एकंदर फळ थोडे नव्हते : १९९९ पर्यंत प्रतिनिधिगृहात स्त्रिया एक चतुर्थांशाच्या वर होत्या.

२०१७ च्या २७४१२ क्रमांकाच्या कायद्याने ‘कूपो’ जाऊन ‘पारिदाद’, म्हणजे समानता, हा शब्द आला. पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत स्त्री-पुरुष आळीपाळीने, असा नियम झाला व २०१९ च्या निवडणुकीत तो प्रथम लागू झाला. शक्यतेची चर्चा त्यामुळे निकालात निघाली. प्रतिनिधिगृहातील प्रमाण मात्र अर्ध्यावर न जाता शेकडा ४० च्या आसपासच पोहोचले, कारण यादीचा आरंभ कोणाच्या नावाने करावयाचा याविषयी नव्या कायद्यातही एक अक्षर नाही, आणि बहुतेक याद्यांचे पहिले नाव पुरुषाचेच राहिले.