कोळसा संपायची भीती

मागच्या भागात आपण वाफेच्या इंजिनापाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे.

१८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या तरुण अर्थशास्त्रज्ञाने ‘द कोल क्वेश्चन’ हे पुस्तक लिहिलं. स्वस्त कोळसा संपत आला की ब्रिटनच्या भरभराटीचं काय, हा त्याचा प्रश्न. लोक म्हणायचे, इंजिनं सुधारतील, कोळसा कमी लागेल. जेव्हन्स म्हणाला, उलट होईल. वॉटच्या इंजिनाला कोळसा कमी लागायचा, म्हणूनच तर ते जास्त ठिकाणी परवडायला लागलं, आणि एकूण खप वाढला. हे वाचून मी अजूनही अस्वस्थ होतो, कारण आपलीही बरीचशी भिस्त ‘कार्यक्षमते’वरच आहे ना!

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). त्याच्या आधी सहाच वर्षं, १८५९ मध्ये, लंडनमध्ये जॉन टिंडल वायू उष्णता किती शोषतात ते मोजू लागला होता. त्यात कार्बन डायऑक्साइडही होता. जेव्हन्सची काळजी मात्र खाणीपुरतीच राहिली.

ब्रिटनचं कोळसा उत्पादन १९१३ पर्यंत चढलं, मग उतरलं. तिथलं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र २०२४ च्या सप्टेंबरअखेर बंद झालं. जमिनीखाली कोळसा अजून आहे. आणि जग? वर्षाला ८ अब्ज टनांहून जास्त जाळतंय.