‘उत्क्रांती’ आणि इनामगावचे थर

‘उत्क्रांती’ हा शब्द डार्विनसाठी घडवलेला नाही. वेदान्ताच्या परिभाषेत तो देहातून जीवाच्या निष्क्रमणाचा वाचक होता. ‘इव्होल्यूशन’चा पर्याय म्हणून तो पुढे रूढ झाला आणि त्यातील ‘उद्’ हा उपसर्ग वरची दिशा सुचवत राहिला. १८५९च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत मात्र ‘इव्होल्यूशन’ हे नामसुद्धा आढळत नाही. तेथे प्रतिमा आहे ती फांद्या फुटणाऱ्या वृक्षाची. डार्विनच्या गद्यात प्रगतीची भाषा अधूनमधून डोकावते, हे खरे. परंतु सार्वत्रिक प्रगतीचा नियम सांगितला तो स्पेन्सरने, आणि आगरकरांच्या पिढीवर ठसा उमटला तो त्याचाच. मॉर्गनने १८७७ साली मानवसमाजालाही वन्यावस्था, रानटी अवस्था, सुधारलेली अवस्था अशा पायऱ्यांवर बसवले.

जीवसृष्टीविषयीच्या सिद्धान्ताचा समाजावर केलेला हा आरोप शिरूर तालुक्यातील एका पांढरीने अडचणीत आणला. घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. इ. स. पू. १४०० ते १००० ह्या पूर्व-जोर्वे काळात तेथे चौकोनी घरे, धान्यकोठार आणि पुराचे पाणी वळवणारा पाट होता. त्यावरच्या, म्हणजे नंतरच्या थरात बहुतांशी लहान गोल झोपड्या आढळतात. शेती आक्रसते, शिकार व पशुपालन वाढते. पायऱ्यांचा क्रम येथे उलटा आहे.

उत्खननकर्त्यांनी ह्याचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. शिरूर-दौंडच्या कोरड्या पट्ट्यात ते सहज पटते. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११च्या ग्रंथात ह्या हवामानविषयक गृहीतकाला आव्हान दिले. पण उत्तरकाळातील बालकांच्या सांगाड्यांवर खुंटलेल्या वाढीच्या खुणा त्यांनाही दिसल्या. तेव्हा शिडी नाकारताना त्या मुलांचे हाल नाकारता येणार नाहीत. आक्षेप आहे तो ‘ऱ्हास’ ह्या शब्दाला. तो उपासमारीचे वर्णन करता करता गोल झोपडीत राहणाऱ्याची इयत्ताही ठरवून टाकतो. आजच्या मेंढपाळाला ‘मागासलेला’ म्हणणारी दृष्टी हीच.

वाङ्मयेतिहासात ब्रुनेतिएरने १८९० साली साहित्यप्रकारांना जन्म, वाढ आणि मृत्यू बहाल केले. आपल्याकडेही बखर ही इतिहासाची अपक्व अवस्था आणि लावणी हे पेशवाईच्या उतरणीचे लक्षण ठरले. बखरकाराला कोणासाठी आणि कशासाठी लिहायचे होते, हा प्रश्न त्या मांडणीत उपस्थितच होत नाही.