सात दालने, एक घड्याळ आणि लाल मृत्यू

मृत्यू हा विषय असलेल्या गॉथिक कथांची यादी एडगर ॲलन पो याच्या ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ या कथेवाचून पुरी होत नाही. फिलाडेल्फियाहून निघणाऱ्या ‘ग्रॅहम्स’ मासिकाच्या मे १८४२ च्या अंकात ती प्रथम प्रसिद्ध झाली. कथा अवघ्या काही पानांची आहे. तीत नाव असलेले पात्र एकच, संवाद जवळजवळ नाहीत. सारा भार प्रतिमांवर आहे. म्हणूनच ती समजून घ्यायची, तर तिच्यातील वास्तू, रंग आणि घड्याळ यांच्याकडे नीट पाहावे लागते.

कथानक साधे आहे. ‘लाल मृत्यू’ नावाच्या साथीने देश ओस पडत असतो. वेदना, भोवळ, त्वचेतून रक्तस्राव आणि अर्ध्या तासात अंत, असे या रोगाचे स्वरूप. राजपुत्र प्रॉस्पेरो आपल्या दरबारातील हजार निरोगी स्त्रीपुरुषांना घेऊन एका तटबंद मठात जाऊन राहतो आणि दरवाजांचे अडसर वितळवून कायमचे जोडून टाकतो. पाच-सहा महिन्यांनी तो मुखवट्यांचा जलसा भरवतो. मध्यरात्री तेथे प्रेतवस्त्रे ल्यालेली, रक्ताचे शिंतोडे उडालेली एक आकृती प्रकटते. संतापलेला राजपुत्र खंजीर उपसून तिचा पाठलाग करतो आणि शेवटच्या दालनात मरून पडतो. पाहुणे त्या आकृतीवर झडप घालतात, तेव्हा कफन आणि मुखवटा यांच्या आत कोणीच नसते.

पूर्वेकडून पश्चिमेकडे

जलसा भरतो ती सात दालने निळे, जांभळे, हिरवे, नारिंगी, पांढरे, निळसर जांभळे आणि काळे अशा क्रमाने आहेत. निळे दालन पूर्वेच्या टोकाला, काळे पश्चिमेच्या. उगवतीकडून मावळतीकडे जाणारी ही रांग म्हणजे जन्मापासून मरणापर्यंतचा प्रवास, असा अर्थ अनेक समीक्षकांनी लावला आहे. दालनेही सरळ रेषेत नाहीत. दर वीस-तीस यार्डांवर वळण असल्यामुळे एका वेळी एकाच दालनाचे दृश्य नजरेत येते. माणसालाही आयुष्याचा पुढचा टप्पा वळणापाशी पोहोचल्याखेरीज दिसत नाही.

दालनांत दिवा किंवा मेणबत्ती नाही. बाहेरच्या बोळांतील शेगड्यांचा प्रकाश रंगीत काचांतून आत झिरपतो. सहा दालनांत काचेचा रंग सजावटीशी जुळणारा आहे. सातव्यात मात्र काळ्या मखमलीवर रक्तवर्णी काचांतून उजेड पडतो. त्या उजेडात माणसांचे चेहरे इतके भेसूर दिसतात, की तिकडे पाऊल टाकण्याचे धाडस फार थोड्यांना होते.

घड्याळाचा ठोका

याच काळ्या दालनात पश्चिमेच्या भिंतीला शिसवी लाकडाचे प्रचंड घड्याळ आहे. तासाचे ठोके पडू लागले की वादक थांबतात, नर्तकांची पावले अडखळतात, वृद्ध कपाळाला हात लावून विचारात पडतात. ठोके संपताच सारे एकमेकांकडे पाहून हसतात आणि पुढच्या वेळी असे घाबरायचे नाही, असे ठरवतात. तासाभराने पुन्हा तेच घडते. मृत्यूची आठवण आणि तिचा विसर यांची ही आवर्तने कथेतील सर्वांत मानवी तपशील आहेत. अखेरचा पाहुणा संपतो, तेव्हा घड्याळही बंद पडते.

रक्त, मुखवटा आणि नाव

रक्त हा जीवनाचा रंग, पण येथे तोच मृत्यूची खूण होतो. आरंभीच पो रक्ताला या साथीचा ‘अवतार’ म्हणतो. संस्कृतातून इंग्रजीत गेलेला हा शब्द मराठी वाचकाच्या नजरेतून सुटू नये. या रंगामागे लेखकाच्या घरातील वेदनाही असावी, असे मानले जाते. जानेवारी १८४२ मध्ये गाता गाता पोची तरुण पत्नी व्हर्जिनिया हिच्या तोंडातून रक्त आले. ते क्षयाचे लक्षण होते. चार महिन्यांनी ही कथा छापून आली. व्हर्जिनियाचे निधन १८४७ मध्ये झाले.

१८४५ मध्ये पोने कथा पुन्हा प्रसिद्ध करताना शीर्षकातील एक शब्द बदलला. दोन्ही शब्दांचा उच्चार ‘मास्क’ असाच, परंतु पहिल्याचा अर्थ मुखवटा, तर दुसऱ्याचा दरबारी नृत्यनाट्य. या बदलाने कथेतील पूर्ण उत्सवच मृत्यूचा खेळ ठरला. प्रॉस्पेरो हे नाव शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मधील जादूगाराची आठवण करून देते. तो वादळावरही हुकमत गाजवतो. पोच्या राजपुत्राची सत्ता मात्र स्वतःच्या दालनांपुरतीही टिकत नाही.

शत्रू आला कोठून?

या सर्व प्रतिमा एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. दरवाजे जोडून टाकलेले असताना ती आकृती आत आली कशी? पो उत्तर देत नाही, पण त्याने मांडलेली वास्तू देते. मठाची रचना राजपुत्राच्याच लहरी अभिरुचीतून झालेली आहे. काळे दालन कोणी शत्रूने बांधलेले नाही आणि ज्या घड्याळाला सारे भितात, ते त्याच्याच महालात आहे. ज्याला बाहेर ठेवण्यासाठी भिंती उभारल्या, त्याच्यासाठी आतच जागा राखून ठेवलेली होती. कफनाच्या आत कोणी न सापडणे हेही त्याच अर्थाचे आहे. मृत्यूला पकडता येईल असे वेगळे शरीरच नसते.

पो उघड रूपककथांचा चाहता नव्हता. त्यामुळे प्रत्येक रंगाला एकेक अर्थ चिकटवणे धोक्याचे ठरते. कथेतील प्रत्येक तपशिलाने एकच परिणाम साधावा, हे मत त्याने याच मासिकात, याच सुमारास, नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना मांडले होते. येथे तो परिणाम साधण्यासाठी लागणारे सारे काही सात खोल्या आणि एक घड्याळ यांत सामावले आहे.

२०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत जगभर ही कथा पुन्हा वाचली गेली. बाहेरच्यांना वाऱ्यावर सोडून स्वतःपुरते दार लावून घेणाऱ्या धनिकांची ही गोष्ट तेव्हा जुनी वाटली नाही.