पाचगणीची पाच गावे

पाचगणी हे मुळात एका गावाचे नाव नव्हे. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या परिसरातील डोंगरमाथ्यावर इंग्रजांनी वसविलेले हे ठाणे. १८६० च्या दशकात जॉन चेसन या अधिकाऱ्याने रुस्तमजी दुबाश यांच्या सोबतीने हा परिसर धुंडाळला आणि ही जागा निश्चित केली. महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्याजोगे नसे; वर्षभर मुक्काम करता येईल असे थंड ठिकाण साहेबाला हवे होते. चेसनने येथे सिल्व्हर ओक, पॉइन्सेटिया यांसारखी परदेशी झाडे आणली, शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकाम करणारे असे कारागीर आणि व्यावसायिक आणून त्यांना बाजाराखाली जागा दिली. त्या वस्तीला गावठाण म्हणू लागले. ज्या पाच गावांवरून नाव आले ती मात्र आहेत तिथेच राहिली. पसरणीचा घाट चढून येणाऱ्या पाहुण्याला त्यांची ओळख बहुधा रस्त्याकडेच्या पाटीपुरतीच होते.

या गावांचे जीवन समजून घ्यायचे तर आधी पाऊस समजून घ्यावा लागतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. रस्त्याने जेमतेम १९ किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीत तो दोन हजारांच्या आत येतो, आणि घाट उतरून वाईत पोहोचावे तर सातशे-आठशेवर. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्यावरच रिते होतात. पुढे उरते ती पर्जन्यछाया. भूगोलाच्या पुस्तकातले हे उदाहरण एका तासाच्या प्रवासात डोळ्यांनी पाहता येते. पाचगणीची हवा कोरडी आणि निरोगी ठरली ती यामुळेच. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी येथे बेल-एअर आरोग्यधाम उभारले. आगाखान पॅलेसमधून सुटल्यानंतर १९४४ च्या जुलैमध्ये गांधीजीही प्रकृतीसाठी येथेच येऊन राहिले होते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हा पाऊस सोयीचा नाही. जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून निघून जातो. त्याला थोडेफार थोपवून धरतो तो जांभ्या दगडाचा थर. टेबललँड म्हणून प्रसिद्ध असलेले पठार हे लाव्हारसाच्या काळ्या खडकावरील जांभ्याचे टोपण आहे. जांभा सच्छिद्र, त्यात पाणी मुरते, खालच्या घट्ट थरापाशी अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. सह्याद्रीच्या माथ्यावरील जुन्या वस्त्या अशा झऱ्यांच्याच आधाराने वाढल्या. पाहुण्यांच्या लेखी टेबललँड म्हणजे घोड्यावरून रपेट मारण्याचे मैदान. गावकऱ्यांच्या लेखी ती पाण्याची टाकी आहे. पठारावर वाहनांची वर्दळ आणि बांधकामे वाढू नयेत हा आग्रह केवळ निसर्गप्रेमातून आलेला नाही, एवढे लक्षात घेतले पाहिजे.

उन्हाळ्यात झरे आटत जातात तसतसे हंडे लांब जाऊ लागतात. पारसी पॉइंटवर उभे राहिले की खाली कृष्णेच्या खोऱ्यात धोम धरणाचा निळा जलाशय पसरलेला दिसतो. ते पाणी पूर्वेकडील सपाटीच्या शेतांना मिळते. डोंगरमाथ्याला मिळते ते त्याचे दर्शन. पाचगणी शहराची तहानही मुख्यतः महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर भागते. शहरात हॉटेले आणि वसतिगृहे वाढली, विंधनविहिरी खोल गेल्या, आणि एकाच खडकातल्या पाण्याचे वाटेकरी वाढले.

पूर्वीची शेती नाचणी, वरई आणि खाचरातल्या भाताची. माथ्यावरची जमीन पातळ, धान्य वर्षभर पुरत नसे. म्हणून जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरातील घराघरातला एक तरी गडी मुंबईला जाई. मुंबईच्या बाजारांतील माथाडी कामगारांमध्ये सातारा जिल्ह्यातील माणसे मोठ्या संख्येने आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या मजुरीला संरक्षण मिळाले आणि गावाकडे येणारी मनिऑर्डर नियमित झाली. आजही ग्रामदैवताची यात्रा म्हणजे मुंबईकरांनी गावी येण्याचा दिवस. एरवी कुलूप असलेली घरे त्या दोन दिवसांपुरती उघडतात.

हे चित्र काही प्रमाणात बदलले ते स्ट्रॉबेरीमुळे. हे फळ इंग्रजांच्या बागांतून येथे रुजले. गेल्या तीन-चार दशकांत परदेशी वाणांच्या रोपांनी त्याचे रीतसर नगदी पीक झाले. मातृरोपे आणून पावसाळ्यात त्यांच्यापासून नवी रोपे तयार करायची, पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर लावायची, वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि खाली ठिबकची नळी. नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत तोडणी चालते. फळ नाजूक असल्याने ते सकाळच्या गारव्यात देठासकट खुडावे लागते, आकाराप्रमाणे निवडून लगोलग मुंबई-पुण्याकडे धाडावे लागते. बारके आणि दबलेले फळ जॅम-सरबताच्या कारखान्यात जाते. वेचणी-निवडणीचे बहुतेक काम बायकांच्या हातचे. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

दहा-वीस गुंठ्यांतही पैसा देणारे हे पीक आहे, हे खरेच. पण रोपे, कागद, खते यांचा खर्च आधी करावा लागतो आणि एक अवकाळी सर आठवड्याची तोडणी कुजवते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तोडणी चालूच होती. पाहुणे नाहीत, वाहने नाहीत आणि फळ थांबायला तयार नाही, अशी गत झाली. शेजारच्या भिलारने स्ट्रॉबेरीवर जम बसवला होता. ४ मे २०१७ रोजी ते राज्य शासनाच्या योजनेतून ‘पुस्तकांचं गाव’ झाले आणि घरोघरी पुस्तकांची दालने उघडली. हे भाग्य प्रत्येक गावाच्या वाट्याला येईल असे नाही.

पाचगणीतील निवासी शाळांत देशविदेशांतून मुले येतात. फारोख बुलसारा, म्हणजे नंतरचा गायक फ्रेडी मर्क्युरी, सेंट पीटर्समध्येच शिकला. गावातील मुलांची शाळा बहुधा जिल्हा परिषदेची. त्या निवासी शाळांशी गावाचा संबंध येतो तो स्वयंपाकघर, धुलाई आणि बागकाम यांच्या नोकऱ्यांतून. ही नोकरी कमी लेखण्यासारखी नाही. बारमाही पगार डोंगरावर दुर्मीळच असतो.

१७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. वृक्षतोड, डोंगरउतारावरील बांधकामे आणि इमारतींची उंची यांवर निर्बंध आले. ते नसते तर हा माथा आज ओळखू आला नसता. गावकऱ्यांची तक्रार निराळी आहे: कुटुंब वाढले, दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, तर गावठाणाबाहेर चार भिंती घालायला परवानगीसाठी खेटे घालावे लागतात; आणि समोरच्या उतारावर, जिथे कालपर्यंत नाचणीची पट्टी होती, तिथे शहरातल्या कुणाचा तरी बंगला उभा असतो. ती पट्टी बहुधा त्यांच्यापैकीच कुणी विकलेली असते, आणि विकणारा मुंबईला घर घेऊन स्थायिक झालेला असतो. यात्रेला तो येतो, तेव्हा उतरायला भावाच्याच घरी येतो.