'पात्र' म्हणजे 'तयार' नव्हे: निर्वासितांचं स्वेच्छेने मायदेशी परतणं नेमकं काय असतं?

22 ऑगस्ट 2019. बांगलादेशच्या कॉक्स बाजार जिल्ह्यात, टेकनाफजवळच्या रोहिंग्या छावणीबाहेर सकाळपासून बस आणि ट्रक उभे होते. म्यानमारने 3,450 जणांची नावं मंजूर केली होती. पोलीस आले, अधिकारी आले, पत्रकार आले. पण बसमध्ये एकही माणूस चढला नाही.

हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. 15 नोव्हेंबर 2018 लाही अशीच तयारी झाली होती आणि तेव्हाही कुणी गेलं नाही. यादीत आपलं नाव आहे असं कळल्यावर काही कुटुंबं तर राहती झोपडी सोडून लपून बसली होती.

एप्रिल 2025 मध्ये 'म्यानमार 1 लाख 80 हजार रोहिंग्यांना परत घेणार' अशा बातम्या तुमच्याही फीडमध्ये आल्या असतील. म्यानमारने प्रत्यक्षात सांगितलं ते इतकंच: बांगलादेशने दिलेल्या 8 लाख नावांपैकी इतके लोक परतायला 'पात्र' आहेत. ते जायला तयार आहेत का, हा प्रश्न वेगळा आहे. निर्वासितांच्या परतीचं सगळं काम याच प्रश्नाभोवती फिरतं.

स्वेच्छेने परतणं म्हणजे काय?

युद्ध किंवा छळामुळे देश सोडलेल्या माणसापुढे पुढच्या आयुष्यासाठी साधारण तीन रस्ते मानले जातात. आसरा दिलेल्या देशातच कायमचं राहणं, तिसऱ्या एखाद्या देशात वसणं किंवा मायदेशी परतणं. यातला तिसरा रस्ता 'स्वेच्छेने, सुरक्षितपणे आणि सन्मानाने' असावा, हा सर्वमान्य निकष आहे.

1951 च्या निर्वासितविषयक कराराचं 33 वं कलम सांगतं की, जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे निर्वासिताला परत ढकलता येत नाही. परतणं स्वेच्छेनेच हवं, हे बंधनकारक करारात स्पष्टपणे लिहिलं आफ्रिकेतल्या देशांनी, 1969 मध्ये. भारत आणि बांगलादेश या दोघांनीही 1951 च्या करारावर सही केलेली नाही.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं?

संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, यात मध्यस्थ असते. साधारणपणे मायदेश, आसरा देणारा देश आणि यूएनएचसीआर असा त्रिपक्षीय करार होतो. त्यानंतरचे टप्पे असे:

- माहिती देणं: गावात आता कोण आहे, घर उभं आहे का, शाळा-दवाखाना सुरू आहे का, हे सांगणं. अनेकदा निर्वासितांच्या काही प्रतिनिधींना आधी गाव बघायला नेतात. मे 2023 मध्ये 20 रोहिंग्यांना असंच म्यानमारच्या राखाइन प्रांतात नेलं होतं. परत आल्यावर आपलं समाधान झालं नसल्याचं त्यांनी सांगितलं.
- मुलाखत: प्रत्येक कुटुंबाशी स्वतंत्र बोलणं. घरातल्या बाईचं मत नवऱ्यासमोर किंवा छावणीतल्या पुढाऱ्यासमोर मोकळेपणाने येईलच असं नाही, म्हणून तिच्याशी वेगळं बोलणं गरजेचं असतं. त्यानंतरच अर्जावर सही किंवा अंगठा.
- प्रवास: गाडी, वैद्यकीय तपासणी, वाटेतलं जेवण आणि सुरुवातीच्या खर्चासाठी रोख रक्कम.
- परतल्यानंतर: ओळखपत्र, जमिनीचे वाद, मुलांचे शाळेचे दाखले, पेरलेल्या भूसुरुंगांची माहिती. परतलेल्यांना कुणी त्रास देत नाही ना, यावर लक्ष ठेवणंही यातच येतं.

मदतीचे पैसेच दबाव ठरू शकतात का?

हो. 2016 चं पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांचं उदाहरण बघा. त्या वर्षी यूएनएचसीआरने परतणाऱ्यांना मिळणारी रक्कम माणशी सुमारे 200 डॉलरवरून 400 डॉलर केली. त्याच काळात पाकिस्तानात अफगाणांवर पोलिसांचा जाच वाढला होता. वर्षभरात साडेतीन लाखांहून जास्त नोंदणीकृत निर्वासित अफगाणिस्तानात गेले.

फेब्रुवारी 2017 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने अहवाल काढून याला जबरदस्तीची परती म्हटलं आणि वाढीव रकमेमुळे यूएनएचसीआरचाही त्याला हातभार लागल्याची टीका केली. यूएनएचसीआरने हा आरोप फेटाळला. पुढे रक्कम पुन्हा 200 डॉलरवर आली.

एका बाजूने पोलीस दार ठोठावत असतील आणि दुसऱ्या बाजूला हातात पैसे मिळत असतील, तर अर्जावरची सही ही खरंच इच्छा मानायची का, हा वाद अजून संपलेला नाही.

घाईने पाठवलं तर काय होतं?

रोहिंग्यांनी हे दोनदा अनुभवलंय. 1978 मध्ये 2 लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात आले. सरकारला ते लवकर परत जायला हवे होते. छावण्यांमधलं रेशन अपुरं ठेवलं गेलं. तिथे सुमारे 10 हजार लोक मेले, त्यात लहान मुलं जास्त होती. बहुतेक लोक पुढच्या वर्षभरात परतले.

1991-92 मध्ये पुन्हा सुमारे अडीच लाख लोक आले. त्यातले बहुतांश लोक पुढच्या काही वर्षांत परत पाठवले गेले. ही परती खरंच स्वेच्छेची होती का, यावर तेव्हाही जोरदार टीका झाली.

पण ज्या कारणाने ते पळाले, ते कारण तसंच राहिलं. म्यानमारच्या 1982 च्या कायद्याने बहुतेक रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवलं आहे. ऑगस्ट 2017 मध्ये लष्कराची कारवाई सुरू झाली आणि 7 लाखांहून जास्त लोक पुन्हा सीमा ओलांडून आले. 2019 मध्ये बसकडे पाठ फिरवणाऱ्यांच्या मागण्याही याच होत्या: नागरिकत्व, सुरक्षितता आणि आपली जमीन.

मग हे कधी जमलंय का?

जमलंय. मोझांबिकमध्ये ऑक्टोबर 1992 मध्ये शांतता करार झाला आणि 1996 पर्यंत शेजारच्या देशांमधून सुमारे 17 लाख लोक परतले. एकट्या मलावीत 10 लाखांहून जास्त निर्वासित होते. बहुतेक जण स्वतःहून, मिळेल त्या वाटेने निघाले. मदत संस्थांनी बियाणं, अवजारं दिली, विहिरी आणि शाळा उभारायला हातभार लावला. लोकांना ढकलावं लागलं नाही, कारण युद्ध संपलं होतं आणि कसायला जमीन होती.

भारताचा याच्याशी काय संबंध?

1983 पासून श्रीलंकेतून आलेले तमिळ निर्वासित तमिळनाडूत राहतात. राजीव गांधी यांच्या हत्येनंतर, 1992 मध्ये त्यांना परत पाठवणं सुरू झालं आणि जबरदस्तीचे आरोप झाले. त्याच वर्षी भारताने यूएनएचसीआरला निघणाऱ्यांशी बोलून त्यांची इच्छा पडताळण्याची मुभा दिली. 1992 ते 1995 या काळात सुमारे 54 हजार लोक परतले.

2009 मध्ये तिथलं युद्ध संपल्यावर ज्यांना जायचं होतं, त्यांना यूएनएचसीआरकडून प्रवास आणि सुरुवातीच्या खर्चासाठी मदत मिळू लागली. भारतात जन्मलेल्या मुलांचे जन्मदाखले आणि श्रीलंकेच्या नागरिकत्वाची कागदपत्रं मिळवायला 'ऑफर' ही निर्वासितांनीच 1984 मध्ये उभी केलेली संस्था मदत करते.

तरीही मे 2025 मध्ये यूएनएचसीआरच्या मदतीने परतलेल्या एका वृद्ध निर्वासिताला जाफनाजवळच्या पलाली विमानतळावर अटक झाली. कारण काय, तर अनेक वर्षांपूर्वी त्यांनी पासपोर्टशिवाय देश सोडला होता. जीव वाचवायला होडीने पळणाऱ्याकडे पासपोर्ट कुठून असणार?

आत्ता रोहिंग्यांचं काय?

ज्या उत्तर राखाइनमध्ये 1 लाख 80 हजार लोकांनी परतायचं, त्याचा बहुतांश भाग आता म्यानमारच्या लष्कराकडे नाही, तर अराकान आर्मी या सशस्त्र गटाकडे आहे. मौंगडॉ हे सीमेवरचं शहर या गटाने डिसेंबर 2024 मध्ये घेतलं. म्हणजे यादी मंजूर करणारे एक आणि गाव ताब्यात असलेले दुसरे. 2024 पासूनच्या दीड वर्षात तर सुमारे दीड लाख नवे रोहिंग्या बांगलादेशात आले.

पुढची बातमी वाचताना हे तीन प्रश्न विचारा

1. 'नाही' म्हणणाऱ्यांचं रेशन, निवारा आणि सुरक्षितता तशीच राहणार आहे का?
2. ज्या कारणाने लोक पळाले, ते कारण संपलंय का?
3. आकडा कुणाचा आहे: सरकारने मंजूर केलेल्या नावांचा, की स्वतः जायला तयार झालेल्या माणसांचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर अर्जावर लाखभर सह्या असल्या तरी त्याला स्वेच्छा म्हणता येत नाही.