बाटली कुणाची, बूच कुणाचं?

मागच्या शनिवारी सकाळी सकाळी मामाचा फोन आला. "अरे, तुझं ते एक्सेल उघड. भरायचं मशिन घ्यायचंय, परवडतंय का सांग."

मामा देवरुखजवळ कोकम सरबत करतो. घरचे रातांबे, थोडे शेजारपाजारचे. आजवर सगळं भरणं हातानं, पातेलं आणि नरसाळं घेऊन. आता मागणी वाढलीय आणि हंगामात बायका कामाला मिळत नाहीत, म्हणून चार नोझलचं मशिन बघून ठेवलंय. कोटेशन तीन लाखांचं. बँक कर्ज द्यायला तयार आहे. तारण कलमांची बाग.

आता आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. मी पाच मिनिटांत शीट तयार केली: मशिन, वाहतूक, वीज, व्याज, हप्ता. मामीच्या हातचं सरबत पिऊन मोठा झालेला माणूस याहून जास्त काय करणार? पण मग मला मामाच्या पडवीतलं ते दुसरं मशिन आठवलं. सात-आठ वर्षांपूर्वी त्यानं झाकण लावायचं एक यंत्र घेतलं होतं. स्वस्तात मिळालं म्हणून खूश होता. त्याला एकाच प्रकारचं झाकण चालायचं आणि ते एकाच माणसाकडे मिळायचं. दोन हंगामांनी त्या माणसानं धंदा बंद केला. तेव्हापासून यंत्र ताडपत्रीखाली आहे आणि त्यावर मांजर झोपतं.

म्हणून मग शनिवार-रविवार मी मशिनच्या किमतीऐवजी या मशिनांचा इतिहास वाचत बसलो. आणि मंडळी, मामाच्या पडवीतली गोष्ट दीडशे वर्षं जुनी निघाली!

सुरुवात आपल्या गोटी सोड्यापासून करू. ही बाटली इंग्रजांच्या देशातली. लंडनच्या कँबरवेल भागातल्या हायरम कॉडनं १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. तोवर सोडावॉटरच्या बाटलीला बूच असायचं. ते सुकलं की गॅस उडून जायचा. कॉडनं बाटलीच्या गळ्यातच काचेची गोटी आणि रबराची कडी बसवली. बाटली उलटी धरून भरायची, गोटी आपल्या वजनानं तोंडाकडे येते आणि आतला गॅसच तिला कडीवर दाबून धरतो. बूच नको, तार नको, आणि गॅस जितका जोरात तितकं झाकण पक्कं. इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन फार म्हणजे फारच आवडतं.

पण खरी गंमत पुढे आहे. कॉडची बाटली बनवायला काच कारखान्यांना वर्षाची लायसन्स फी भरावी लागायची. १८७४ च्या सुमारास त्यानं ती फी माफ केली. मात्र अटी घातल्या. गोट्या माझ्याकडून घ्यायच्या, रबराच्या कड्या माझ्याकडून घ्यायच्या, गळ्यातली खाच पाडायचं हत्यार माझंच वापरायचं, आणि ज्या सोडावॉटरवाल्यांना बाटल्या विकाल त्यांनी माझं लायसन्स आधीच घेतलेलं असलं पाहिजे. म्हणजे बघा, प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग ही युक्ती आपल्याला कालपरवाची वाटते. या माणसानं ती सव्वाशेहून जास्त वर्षं आधी गोटीवर चालवून दाखवली होती.

तेव्हा इंग्लंडात पेटंट चौदा वर्षांचं असायचं. ते संपल्यावर गोटी कुणाच्याच मालकीची राहिली नाही. आपल्याकडच्या सोडावाल्यानं हातानं फिरवायचं मशिन आणलं, बाटल्या धुऊन पुन्हा पुन्हा वापरल्या, कडी झिजली की बदलली आणि धंदा केला. गोट्यांसाठी त्याला लंडनला पत्र लिहावं लागलं नाही. बाटली मोकळी झाली होती, हेही माझ्या मते ती इतकी टिकण्याचं एक कारण आहे.

आता अमेरिकेत जाऊ. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरनं १८९२ साली क्राउन कॉर्कचं पेटंट घेतलं. क्राउन कॉर्क म्हणजे कोल्ड्रिंकच्या काचेच्या बाटलीवरचं दातेरी पत्र्याचं झाकण. आत तेव्हा बुचाची पातळ चकती असायची. एकदा वापरायचं आणि फेकायचं. पण अडचण अशी की हे झाकण बसायला बाटलीच्या तोंडाला ठरावीक कड लागते आणि ते दाबून बसवायला वेगळं यंत्र लागतं. सोडावाल्यानं अर्ध्या-एक पैशाच्या झाकणासाठी सगळ्या बाटल्या आणि यंत्र का बदलावं? पेंटरच्या हे लक्षात आलं. झाकण शोधून तो थांबला नाही, १८९८ साली झाकण बसवायचं पायानं चालणारं यंत्रही त्यानं बाजारात आणलं. यंत्र एकदा गिऱ्हाइकाच्या दुकानात उभं राहिलं की मग झाकणं रोज लागणारच.

याच पेंटरच्या कंपनीत एक फिरता विक्रेता होता, किंग जिलेट. पेंटरनं त्याला सल्ला दिला म्हणे, की लोक एकदा वापरून फेकतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काहीतरी शोधून काढ. जिलेटनं ब्लेड शोधलं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढचं आपल्याला ठाऊकच आहे. म्हणजे दाढीच्या ब्लेडचं मूळ बाटलीच्या झाकणात आहे!

तरी एक घोडं अडलेलंच होतं. तोंडानं फुंकलेल्या काचेच्या बाटल्या एकसारख्या नसायच्या. एकीची मान जाड, दुसरीची वाकडी. मशिनला असलं चालत नाही. १९०३ साली टोलेडोच्या मायकेल ओवेन्सनं बाटल्या आपोआप बनवणारं यंत्र तयार केलं आणि बाटल्यांची तोंडं एका मापाची व्हायला लागली. वेगानं भरणारी मशिनं खऱ्या अर्थानं चालली ती त्यानंतर. मुद्दा लक्षात घ्या: मशिन चांगलं असून भागत नाही, बाटली त्याच्या मापाची लागते.

तिसरी गोष्ट स्वीडनची. रुबेन राउसिंगनं १९५१ साली लुंड गावात टेट्रा पॅक काढली आणि १९५२ साली तिथल्या डेअरीला पहिलं यंत्र दिलं, १०० मिलीच्या सायीच्या पुड्यांसाठी. कागदाच्या रोलची नळी करायची, ती दुधानं भरत राहायची आणि दुधाच्या पातळीखालीच आडवी दाबून सील करायची. सॉसेज भरतात तसं. ही कल्पना त्याच्या बायकोला, एलिझाबेथला सुचली असं सांगतात. बाटली धुवायला नको, परत आणायला नको. पुढे निर्जंतुक भरणं आलं आणि फ्रिजही नको झाला. आपल्याकडे १९८५ साली फ्रूटी आली ती याच खोक्यातून.

यंत्राला लागणारा कागद मात्र कुणाचा? युरोपात कंपनी यंत्रं भाड्यानं द्यायची, तीही देशाप्रमाणे कमीत कमी ३ ते ९ वर्षांसाठी. करारात लिहिलेलं असायचं की खोकी आमचीच वापरायची, सुटे भाग आमचेच आणि दुरुस्तीही आमचीच. नॉर्वेच्या एलोपाक या स्पर्धक कंपनीनं १९८३ साली तक्रार केली. १९९१ साली युरोपियन कमिशननं ७.५ कोटी एक्यू दंड ठोठावला. (एक्यू म्हणजे युरो येण्याआधीचं तिथलं हिशेबाचं चलन.) कंपनीचं म्हणणं होतं की यंत्र आणि खोकं मिळून एकच वस्तू आहे, ती तोडता येत नाही. कोर्टाला ते पटलं नाही. १९९६ साली वरच्या कोर्टातही दंड कायम राहिला.

म्हणजे गोटी, झाकण आणि कागद, तिन्ही गोष्टींत यंत्र एकदाच घेतलं जातं आणि त्यासोबतची वस्तू रोज. पैसा रोजच्या वस्तूत आहे. मात्र कॉड, पेंटर, राउसिंग यांना मी लबाड म्हणणार नाही. तिघांनीही खरोखरच उत्तम काम केलं आणि गिऱ्हाइकाचा फायदाही झाला. फक्त गिऱ्हाइकानं सही करताना हिशेब पूर्ण मांडायला हवा.

रविवारी रात्री मी मामाची शीट पुन्हा मांडली. हंगामात ४०,००० बाटल्या. बाटली, झाकण आणि लेबल मिळून समजा ९ रुपये. झाले ३ लाख ६० हजार. म्हणजे मशिनच्या किमतीपेक्षा जास्त, आणि तेही दर वर्षी! मशिननं प्रत्येक बाटलीत ५ मिली जरी जास्त ओतलं तर हंगामाला २०० लिटर सरबत फुकट गेलं. उद्या २०० मिलीची छोटी बाटली काढायची तर बदलायचे सुटे भाग किती रुपयांचे, ते कोटेशनमध्ये नाहीच. रोज धुवायला किती वेळ लागेल, तेही नाही. कोकम आंबट असतं, साधं लोखंड खाऊन टाकतं, तेव्हा पत्रा कुठला हेसुद्धा विचारायला हवं.

मामाला फोन केला. कॉड, पेंटर सगळं सांगायला लागलो तर त्यानं मध्येच तोडलं. "ते लंडनचं राहू दे. मी काय विचारू त्याला, ते सांग."

"एकच विचार, मामा. याला लागणारी बाटली आणि झाकण तुझ्याशिवाय आणखी किती जण विकतात?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "पडवीतल्याला हे विचारलं नव्हतं."

सोमवारी तो रत्नागिरीला जाऊन तीन दुकानांतून बाटल्या घेऊन आला आणि विकणाऱ्याला म्हणाला, या तिन्ही चालत असतील तर बोलू. दोन चालल्या. तिसरीची मान लहान आहे. कर्जाचे कागद अजून सही न करता टेबलावर पडलेत आणि मला वाटतं, आणखी आठवडाभर ते तिथेच पडलेले बरे.

असो. तूर्तास इतकंच. गोटी सोडा प्यायची भयंकर इच्छा झालीय.